कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन: परत आलं म्हणजे नक्की काय परत आलं?

तुमचा प्रश्न मी दोनदा नीट वाचला. तुम्ही टेक्सासमध्ये राहता, ग्रीन कार्ड आहे, वर्षभर रेंजवर .२२ चालवून हात बसलाय आणि आता कोल्टचं सिंगल अ‍ॅक्शन आर्मी, म्हणजे दर गोळीला घोडा (हॅमर) अंगठ्याने चढवावा लागतो ते काउबॉयच्या सिनेमातलं रिव्हॉल्व्हर, घ्यायचं मनात आहे. समोर तीन पर्याय आहेत, एका वयस्कर गृहस्थांच्या मागे त्यांच्या मुलांनी विकायला काढलेलं साठच्या दशकातलं कोल्ट, दुकानातलं नवंकोरं कोल्ट, आणि साधारण त्याच्या एक तृतीयांश पैशात मिळणारी उबर्टी या इटालियन कंपनीची नक्कल. शिवाय मित्र म्हणतोय की २०२० मध्ये कोल्टने पायथन हे त्यांचं दुसरं रिव्हॉल्व्हर नव्याने डिझाइन करून परत आणलं, तसं हेही आणतील, थांब जरा.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरातल्या एका टूलरूममध्ये कानस धरायला शिकलो, इकडे येऊन मशीन शॉपमध्ये राबलो आणि गेली सोळा वर्षं गनस्मिथचं काम करतोय, त्यातलं बरंचसं सिंगल अ‍ॅक्शनचंच. म्हणून टेबलावर उघडून बघितलेल्या गोष्टींवरूनच सांगतो. दुकानदार वेगळं सांगेल, आणि कपाटात ठेवायला गोळा करणारे तर अजून वेगळं सांगतील, त्यांचंही त्यांच्या जागी बरोबर असतं.

आधी एक कायद्याची गोष्ट, कारण वाचणाऱ्यांत बरेच जण एच-वन-बी वर किंवा स्टुडंट व्हिसावर असतील. तुमचं ग्रीन कार्ड आहे म्हणून ठीक, पण अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद आहेत पण ते वकिलाकडून नीट समजून घ्यायचे, रेंजवरच्या मित्राच्या भरवशावर नाही. इथे चूक झाली तर पुढचं सगळं इमिग्रेशन अडकतं.

आता मुद्द्यावर येतो. हे रिव्हॉल्व्हर एकदाच परत आलेलं नाहीये, आणि दर वेळी परत येताना ते थोडं वेगळं होऊन आलंय. तुमचे पर्याय कळायला ही गोष्ट माहीत पाहिजे.

१८७३ मध्ये अमेरिकन सैन्याने हे घेतलं. कंपनीचे संस्थापक सॅम्युअल कोल्ट तोपर्यंत जिवंतच नव्हते, ते १८६२ ला गेले, हे डिझाइन विल्यम मेसन आणि चार्ल्स रिचर्ड्स यांचं. त्याआधी कोल्टची रिव्हॉल्व्हरं सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या ठेवायच्या फिरत्या नळकांड्याच्या, पुढच्या बाजूने दारू आणि गोळी ठासून भरायची असत, कारण आरपार भोकाच्या सिलिंडरचं पेटंट स्मिथ अँड वेसनच्या हातात होतं, ते १८६९ ला संपलं आणि मग धातूच्या काडतुसाचं हे रिव्हॉल्व्हर झालं. १८७३ पासून १९४० पर्यंत साडेतीन लाखांहून थोडी जास्त बनली. शेवटी शेवटी खप अगदीच आटला होता, कारण लोकांना डबल अ‍ॅक्शन (नुसता चाप ओढला की घोडा आपोआप चढतो ती) आणि ऑटोमॅटिक पिस्तुलं हवी होती, त्यात युद्ध आलं आणि हार्टफर्डच्या कारखान्यात याची लाइन बंद पडली. ही झाली पहिली पिढी.

मग पन्नासच्या दशकात टीव्हीवर काउबॉयच्या मालिकांची लाट आली आणि घरोघरी हेच रिव्हॉल्व्हर दिसायला लागलं, पण बाजारात नवं मिळेना. रुगर कंपनीच्या बिल रुगर यांनी ही गोष्ट कोल्टच्या आधी ओळखली. १९५३ ला .२२ चं सिंगल सिक्स आणलं, १९५५ ला .३५७ मॅग्नमचं ब्लॅकहॉक आणलं. त्यांनी आतल्या पट्टीच्या स्प्रिंगा काढून तारेच्या गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवल्या, म्हणजे सिंगल अ‍ॅक्शनचा जो कायमचा आजार होता, पट्टी तुटण्याचा, तोच काढून टाकला. कोल्टने १९५६ ला स्वतःचं परत आणलं, नंबरच्या शेवटी एस ए लावून. ती दुसरी पिढी, १९७४ च्या सुमाराला संपली, साधारण त्र्याहत्तर हजार बनली. तुम्हाला जे साठच्या दशकातलं मिळतंय ते यातलं.

१९७६ ला तिसरी पिढी आली, आणि इथे आतले बदल झाले. नळी फ्रेममध्ये फिरवून बसवायच्या आट्या बदलल्या, आधी इंचाला २० होत्या त्या २४ झाल्या. सिलिंडर फिरवणारी जी आतली बोटासारखी पट्टी असते, आम्ही तिला हँड म्हणतो, ती आणि सिलिंडरच्या मागचे दाते बदलले. सिलिंडरच्या मधल्या भोकात सुटी बुश (छोटी नळी) होती ती सुटी राहिली नाही, बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुटी द्यायला लागले. म्हणून दुसऱ्या पिढीची नळी तिसऱ्या पिढीच्या फ्रेमला तशीच बसत नाही, जुन्या पार्ट्सची पिशवी स्वस्तात मिळाली म्हणून घेऊन येणाऱ्यांना हे मला दर वर्षी सांगावं लागतं.

तिसऱ्या पिढीबद्दल लोक सरसकट वाईट बोलतात ते मला पटत नाही. माझ्याकडे आलेल्यांत सत्तरच्या दशकाच्या शेवटची आणि ऐंशीच्या सुरुवातीची काही खरंच ढिली होती, सिलिंडरच्या भोकांची तोंडं मोठी, जोडणी घाईत केलेली. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत बनलेली जी उघडली त्यातली बरीच दुसऱ्या पिढीच्या तोडीची होती, दोन-तीन तर सरस होती. २०१५ ला कोल्ट दिवाळखोरीत गेलं, २०२१ ला चेक कंपनी सीझेडने ते विकत घेतलं, मालक बदलले तरी हे रिव्हॉल्व्हर कुणीतरी माणूस हाताने जुळवतो तेव्हाच नीट होतं, हे बदललेलं नाही. पिढी बघून किंमत ठरते हे मान्य, पण काम कसं करणार ते तुमच्या हातातल्या त्या एकाच नगावर ठरतं. मला या सगळ्या उत्तरात मुख्य सांगायचंय ते हेच, त्यामुळे आता नग तपासायचा कसा ते जरा सविस्तर लिहितो.

परवानगी घेऊन हातात घ्या, बाजूचं गेट उघडून सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत का ते डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. त्यानंतर घोडा हळूहळू मागे ओढा. कोल्टमध्ये चार टिक ऐकू येतात. पहिला सेफ्टी खाचेचा, दुसरा अर्ध्या घोड्याचा जिथे सिलिंडर मोकळं फिरतं आणि काडतूस भरता येतं, तिसरा सिलिंडर अडवणारा बोल्ट खाली सुटून सिलिंडरला टेकतो त्याचा, आणि चौथा पूर्ण घोडा चढल्याचा. चांगल्या जुळवलेल्या नगात पूर्ण घोडा चढणं आणि बोल्ट खाचेत बसणं जवळपास एकाच क्षणी होतं. घोडा चढवताना दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला अगदी हलकासा अटकाव करा. घोडा चढला पण सिलिंडर अजून थोडं फिरायचं बाकी राहिलं, तर हँड झिजलेला आहे किंवा कुणीतरी घासून आखूड केलाय. उलट बोल्ट आधीच बसला आणि घोडा मात्र अजून जोर लावून ओढावा लागतोय तर हँड लांब आहे, आणि प्रत्येक वेळी खाचेच्या भिंतीवर मार बसतोय. हे सहाही घरांवर करा, एकावर करून थांबू नका, कारण पाच बरोबर आणि सहावं चुकीचं असे नग मी पाहिलेत.

मग पूर्ण चढलेल्या घोड्याला चापाला हात न लावता मागून अंगठ्याने पुढे ढकला. पडला नाही पाहिजे. पडला तर ते रिव्हॉल्व्हर खाली ठेवा आणि निघा, कुणीतरी चाप हलका करायच्या नादात घोड्याची खाच घासून ठेवलीय. सेफ्टी खाचेत आणि अर्ध्या घोड्यावर चाप हलकेच ओढून बघा, तिथेही घोडा सुटला नाही पाहिजे.

सिलिंडर पुढे-मागे हलवा. नावापुरती चाल ठीक, खडखड नको. सिलिंडर आणि नळीच्या मधली फट फीलर गेजने मोजायची, पाच-सहा थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असेल तर छान, दहाच्या वर असेल तर मी भाव पाडून मागेन. .४५ असेल तर शक्य झालं तर सिलिंडरच्या घरांची पुढची तोंडं पिन गेजने मोजून घ्या. नळी .४५१-.४५२ ची आणि तोंडं .४५६ ची, असा प्रकार जुन्या कोल्टमध्ये बराच दिसतो, मग .४५२ ची शिशाची गोळी त्या तोंडातून सैल जाते आणि नेम विस्कटतो, आणि मालक बिचारा वर्षभर काडतुसं बदलत बसतो.

आता सिलिंडरवर गोल ओरखडा बघा. खाचांच्या मधून सगळीकडून फिरलेली रेघ असेल तर मागच्या मालकाला घोडा कसा उतरवायचा हे माहीत नव्हतं. अर्ध्या घोड्यावरून घोडा तसाच खाली सोडला की बोल्ट खाचेच्या बाहेर कुठेतरी सिलिंडरवर टेकतो आणि फिरताना घासत जातो. म्हणून नेहमी घोडा पूर्ण मागे न्यायचा, सिलिंडर लॉक होऊ द्यायचं, आणि मग चाप दाबून अंगठ्याने धरून सावकाश खाली आणायचा. हा ओरखडा दिसला म्हणजे रिव्हॉल्व्हर बाद असं नाही, पण पुढे सगळं दुप्पट बारकाईने तपासायचं.

शेवटी पॉलिश. स्क्रूच्या भोकांच्या कडा खोलगट झाल्यात का, फ्रेमच्या कडा गोल झाल्यात का, मागच्या पायांवर उभ्या घोड्याच्या चित्राचा कोल्टचा शिक्का आणि अक्षरं पुसट आहेत का. असं असेल तर ते बफ लावून पुन्हा निळं केलेलं आहे. कोल्टची फ्रेम हाडं आणि कोळशाच्या पेटीत तापवून पाण्यात सोडून रंगीत करतात, ते निळे-तपकिरी ढग नीट बघा, खरे असतील तर कडेपर्यंत तीक्ष्ण दिसतात. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका प्रदर्शनात असंच चकचकीत दुसऱ्या पिढीचं घेतलं, वरून आरशासारखं, आत हँड घासलेला, बोल्टच्या खाचा ठोकून ठोकून रुंद झालेल्या, नवे पार्ट्स जुळवण्यात तीन रविवार गेले आणि तरी एक घर आजही थोडं सैल आहे. ते मी विकलं नाही, नवीन मुलांना वाईट टायमिंग हाताला कसं लागतं ते दाखवायला ठेवलंय.

आता कशासाठी घेताय यावर बरंच अवलंबून आहे, आणि तुम्ही ते प्रश्नात लिहिलेलं नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

महिन्यातून दोन-तीनदा रेंजवर जाऊन भरपूर चालवायचं असेल, पुढे काउबॉय अ‍ॅक्शनच्या स्पर्धांत उतरायचं असेल, तर उबर्टीला कमी लेखू नका. ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल त्रोम्पियाच्या खोऱ्यात पिढ्यान्पिढ्या बंदुका बनतात, उबर्टी १९५९ पासून तिथे आहे आणि आता बेरेटाच्या मालकीचं आहे. टेक्सासमधलीच सिमरॉन ही कंपनी बरीचशी यांच्याकडून बनवून घेते. लाकूड-पॉलिश कोल्टइतकं सुंदर नसेल, आतल्या स्प्रिंगा जरा जड असतात, पण स्प्रिंगा बदलून कडा नुसत्या दगडावर फिरवल्या की हातात लोण्यासारखं चालतं. स्पर्धेत तुम्हाला एक नाही तर दोन रिव्हॉल्व्हरं लागतात हेही लक्षात घ्या, एका कोल्टच्या पैशात उबर्टीची जोडी येते आणि वर काडतुसंही येतात. कॅलिबर .३५७ घ्या, कारण त्यात .३८ स्पेशल चालतं, ते स्वस्त आणि मऊ, दिवसभर चालवलं तरी मनगट दुखत नाही.

सुरक्षेचं इथेच सांगतो. कोल्ट किंवा जुन्या पद्धतीचं उबर्टी असेल तर सहा घरांत पाचच काडतुसं. एक भरायचं, एक घर सोडायचं, मग चार भरायची, घोडा पूर्ण चढवून सावकाश उतरवायचा, तो बरोब्बर रिकाम्या घरावर येतो. सेफ्टी खाच ही नावाला सेफ्टी आहे, रिव्हॉल्व्हर घोड्यावर पडलं तर ती खाच तुटू शकते आणि खाली काडतूस असेल तर गोळी सुटते. लोकांचे पाय गेलेत यात, जीव गेलेत. रुगरने १९७३ ला ट्रान्सफर बार, म्हणजे चाप दाबल्याशिवाय घोड्याचा मार काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी, आणला तो याच कारणाने, आणि जुन्या रुगरला तो फुकट बसवून देतात. उबर्टीच्या नव्या कॅटलमन टू मध्ये चाप दाबलेला नसेल तर फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) आत ओढलेली राहते. घरात लहान मुलं असतील, किंवा बायकोही चालवणार असेल आणि पाच-सहाचा हिशेब दर वेळी डोक्यात ठेवणं कठीण वाटत असेल, तर रुगरचं न्यू व्हॅकेरो पण बघा, आकाराने कोल्टएवढंच आहे, सहा भरता येतात. कुलूप मात्र कुठलंही असलं तरी लागतंच.

आणि मनात कोल्टच असेल तर? मग उबर्टी घेऊन तुमचं समाधान होणार नाही हेही मी प्रामाणिकपणे सांगतो, माझ्याकडे येणारे कित्येक जण आधी स्वस्तातलं घेतात आणि दोन वर्षांनी कोल्ट घेतातच. त्या मुठीची गंमत हातात धरल्याशिवाय कळत नाही. इकडचे लोक तिला नांगराची मूठ म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे, ज्याने लहानपणी शेतात रुमण्यावर हात ठेवलाय त्याला ते वळण लगेच ओळखीचं वाटतं. गोळी सुटली की रिव्हॉल्व्हर हाताला धक्का मारत नाही, मुठीत वर गोल फिरतं, आणि घोडा आपोआप अंगठ्याच्या खाली येतो. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लाकडाचा तो आकार ज्याने ठरवला त्याला हात कसा चालतो हे आतून माहीत होतं.

तुमच्यासमोरचं साठच्या दशकातलं कोल्ट वर लिहिलेल्या तपासणीत नीट उतरलं तर मी तेच घेईन, नव्याच्या आधी. मात्र एक अट. मूळ खोका, कागद असतील आणि त्यातून कधी गोळीच झाडलेली नसेल, तर ते चालवण्यासाठी घेऊ नका, त्याची किंमत त्या न चालवलेपणातच आहे, पहिल्याच दिवशी सिलिंडरवर रेघ पडली की ती गेली. चालवलेलं, थोडं घासलेलं, आतून धड असं मिळालं तर तुमच्यासारख्याला त्याहून चांगलं काही नाही. कोल्टकडून फी भरून अर्काइव्हचं पत्र मागवता येतं, त्यात ते कारखान्यातून कधी, कुठल्या कॅलिबरमध्ये आणि किती इंची नळी लावून निघालं ते येतं, सौदा मोठा असेल तर ते मागवाच, कारण पावणेपाच इंची नळी जास्त खपते म्हणून साडेसात इंची कापलेलीही फिरतात. .४५ साठी काडतुसं साधीच वापरायची. डब्यावर फक्त रुगरसाठी असं लिहिलेले जास्त दाबाचे लोड कोल्टमध्ये कधीही घालायचे नाहीत, .४५ कोल्टचा ठरलेला कमाल दाब १४,००० पीएसआय आहे आणि कोल्टच्या सिलिंडरच्या भिंती, बोल्टच्या खाचांखाली तर विशेष, खूप पातळ असतात. पुढे कधी पहिल्या पिढीतलं फ्रेमच्या पुढून स्क्रू असलेलं जुनं मिळालं तर तिथे नुसती काळी दारू, कोल्टने स्वतः बिनधुराच्या दारूची हमी १९०० पासून दिली.

थांबण्याबद्दल. पायथनचं उदाहरण इथे पूर्ण लागू होत नाही असं मला वाटतं. पायथन बाजारातून गेलं होतं आणि त्याचं आतलं काम फार खर्चिक होतं, म्हणून नव्याने आणताना त्यांनी आतली यंत्रणा सोपी केली, वरची पट्टी जाड केली, आणि जुने चाहते नाराज झाले तरी ते रिव्हॉल्व्हर मजबूत झालं. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये मुळात हलणारे भाग मोजकेच, सोपं करायला फार काही उरत नाही. कोल्टने खरंच नव्याने मनावर घेतलं तर मला दोनच गोष्टी हव्यात, सिलिंडरची तोंडं नळीला जुळणारी आणि बोल्टची स्प्रिंग न तुटणारी. ट्रान्सफर बार घालून चार टिक घालवले तर मी तरी घेणार नाही, ते काम रुगर आधीच छान करतंय. असं काही होईपर्यंत चालवायची वर्षं जातात, आणि सिंगल अ‍ॅक्शन हे शिकायला वेळ लागणारं शस्त्र आहे. त्यामुळे मी थांबणार नाही.

जे घ्याल ते घेतल्यावर एक करा. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच फिक्स असतात, गोळ्या बहुतेक वेळा नेमाच्या खाली लागतील, आणि रेंजवर कुणीतरी लगेच सांगेल की पुढच्या माशीचं पातं कानशीने उतरव. उतरवू नका. आधी एकच काडतूस ठरवा, त्याच वजनाची गोळी, आणि दोनशे तरी झाडा, कारण नव्या हाताला धक्क्याची सवय होईपर्यंत गोळ्या आपोआप जागा बदलतात. दोनशेनंतरही सगळ्या एकाच जागी खाली लागत असतील तर मग कानस घ्या, बारीक दाताची, दोन हात मारायचे, पाच गोळ्या झाडून बघायच्या, पुन्हा दोन हात. दोन इंच खाली राहिल्या की थांबायचं आणि उरलेलं पुढच्या आठवड्यात, कारण घासलेलं लोखंड परत लावता येत नाही. डावी-उजवीकडे जात असतील तर पात्याला हात लावायचा नाही, त्याला नळी किंचित फिरवावी लागते, ते काम घरच्या वाइसवर करू नका, गनस्मिथकडे न्या.